हिरव्या ठिपक्याची नाणी

— पुसू नका! बाई, पुसू नका म्हणतोय ना, तो रुमाल आधी बाजूला ठेवा! भांडं आहे का ते, असं घासायला? हां, आता कसं. दोन बोटांत धरा, काठाला — चित्राला बोट लागता कामा नये. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि मीठ धातूला सोडत नाही. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही, चाळीस वर्षं या दुकानात खिळे गंजताना बघितलेत म्हणून सांगतो. तुमचा नळाचा वॉशर हा इथे ठेवलाय, कागदात बांधून, त्याचे दोन रुपये द्या म्हटलं, तर तुम्ही दोनचं नाणं काढलंत, काउंटरवर ठेवलंत, आणि मी उचलायच्या आत परत ओढून घेतलंत. काय, तर याच्यावर दीपस्तंभाचं चित्र आहे, हे मी देणार नाही, हे माझ्या संग्रहात जाणार! — संग्रह केव्हा सुरू केलात? परवा? अहो, परवा सुरू केलेल्याला संग्रह नाही म्हणत, त्याला सर्दी म्हणतात. आठ दिवस टिकली तर बघू.

रागावलो नाही. माझा आवाजच असा आहे. बायको म्हणते, तुम्ही 'या, बसा' म्हटलंत तरी माणसं चपला शोधायला लागतात. बसा, त्या रंगाच्या डब्यावर बसा, झाकण पक्कं आहे. दाखवा तो तुमचा अल्बम. — हे बघा, हे असं होतं. केवढ्याला पडला? — एवढ्यात तर मी तुम्हाला आख्खा नळ बसवून दिला असता, वॉशर कशाला! आणि आत किती नाणी? चार. घोड्याआधी लगाम, लगामाआधी चाबूक. हे प्लास्टिक हुंगून बघा. वास येतोय ना? उन्हाळ्यात हे घाम गाळतं, आणि दोन वर्षांत नाण्यावर चिकट हिरवी साय धरते. कागदाचं पाकीट घ्यायचं, साधं, खिळे बांधतो तसलं. त्याच्यावर पेन्सिलीने लिहायचं — कुठे मिळालं, कुणी दिलं, कोणत्या दिवशी. झाला संग्रह. आणि मोबाइल खाली ठेवा. त्यात किंमत बघू नका! तिथे कुणीतरी गाढव असल्याच नाण्याला लाख मागत बसलेला असतो. मागायला काय जातं? मी या वॉशरला लाख मागतो, तुम्ही द्याल?

तुम्ही शाळेत शिकवता ना? मग तुम्हाला एकदा सांगितलेलं कळेल. नाण्याचे दोन प्रकार. एक डबीतलं. मखमलीवर बसलेलं, टाकसाळीतून थेट आलेलं, माणसाचा हात न लागलेलं. ते नाणं नव्हे, ते दुकानातल्या काचेमागची नवरी. दुसरं वापरातलं. तेही कशाच्या तरी आठवणीसाठीच पाडलेलं, धरणाच्या, पुलाच्या, कुठल्या शर्यतीच्या, पण सोडलेलं जगात. भाजीवाल्याच्या गोणपाटाखाली झोपलेलं, कंडक्टरच्या पिशवीत खुळखुळलेलं, कुणा पोराने गिळून दुसऱ्या दिवशी परत केलेलं — हसू नका, आमच्या फिटरच्या पोराने गिळलं होतं, पुलाचं नाणं, आणि फिटरने तेच आणून मला दिलं, वर म्हणतो धुतलंय! तर नवशिक्याने हे दुसरं जमवावं. आणि विकत घ्यायचं नाही. विकत घेतलंत की संपलं, मग तुम्ही गिऱ्हाईक. आपल्या हातात सुटे म्हणून आलेलं तेवढंच आपलं. आणि एक नियम — गल्ल्यातलं उचललंत तर त्याच किमतीचं साधं नाणं स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकायचं. त्याच वेळी, संध्याकाळी नाही. नाण्याला नाणं. आमच्या दुकानात हा नियम बत्तीस वर्षं चालला. दोघंही पाळायचो.

दोघं म्हणजे? दोघं म्हणजे मी आणि तो समोरचा. ते नाही का रस्त्यापलीकडे, आमच्यासारखंच दुकान, तसेच खिळे, तसेच नळ? तो माझा सख्खा थोरला भाऊ. — हो, सख्खा. तोंड तसं दिसत नाही, माहीत आहे. तो आईवर गेला, मी कुणावर गेलो त्याचा घरात अजून शोध चालू आहे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत हे एकच दुकान होतं, याच काउंटरच्या त्या टोकाला तो आणि या टोकाला मी. आता मध्ये रस्ता आहे. बोलणं? बोलणं कशाला हवंय? आठ वर्षांत एक शब्द नाही. वहिनी जाता-येता मान हलवतात, मी हलवतो, बास.

आणि काय त्याच्या दुकानाची कळा झाली आहे बघा! मला बोलायचं नाही, पण तुम्ही आत्ता तिथूनच आलात ना? आधी तिथे गेला होतात, त्याने सांगितलं वॉशर नाही, समोर बघा? — बघा! अर्ध्या इंचाचा वॉशर नाही! अहो, वॉशर नसलेलं नळाचं दुकान म्हणजे दात नसलेली कंगवी. आणि हे आजचं नाही. महिन्यातून एक-दोन माणसं तरी येतात माझ्याकडे, समोर ब्रश नाही म्हणाले, समोर कडी नाही म्हणाले. मी मनात म्हणतो, बसा आता. एकट्याच्या डोक्यावर दुकान चालवायला अक्कल लागते. इतकी वर्षं कुणाच्या अकलेवर चाललं होतं, कळलं असेल. धंद्यात मी काही हरलो नाही, बाई. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं.

भांडण कशावरून? तुम्ही फार विचारता. शाळेत शिकवता म्हणून असेल. — नाण्यांवरून. हो, याच असल्या नाण्यांवरून, हसण्यासारखंच आहे, हसा. एकशे त्रेचाळीस नाणी जमवली होती आम्ही दोघांनी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, हा इथे खाली असतो तो. बत्तीस वर्षं लागली. पहिलं कोणतं म्हणाल, तर हेच, तुमच्या हातातलं — म्हणजे तुमचं नव्हे, असलंच, दीपस्तंभाचं. दुकान उघडलं त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, एक म्हातारा होता, त्याने मूठभर चुका घेतल्या — चुका म्हणजे बारके खिळे — आणि दीपस्तंभाचं नाणं टाकलं काउंटरवर. तेव्हा दोन रुपयांना वजन होतं. मी गल्ल्यात टाकायला गेलो, तर थोरल्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, थांब, हे खर्चायचं नाही, आणि स्वतःच्या खिशातून साधं दोनचं काढून गल्ल्यात टाकलं. त्या दिवशी त्याच्या खिशात तेवढंच होतं. जेवायच्या सुट्टीत पाणी पिऊन आला, वर ढेकर देऊन दाखवली मला. असं ते सुरू झालं.

मग व्हायला लागलं काय, की डब्यातली नाणी चुकून परत गल्ल्यात जायची. गर्दीच्या वेळी सुटे संपले की हात डब्यात जायचा. दोनदा गेली, एकदा तर धरणाचं गेलं, ते शोधायला आम्ही दोघं संध्याकाळभर रसवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचे गल्ले चाळत फिरलो. त्याच्यावर मग त्याने उपाय काढला. थोरल्याने. दरवाज्यांना लावायचा हिरवा रंग असतो ना, तेलाचा, त्यात खिळ्याचं टोक बुडवायचं आणि नाण्याच्या काठावर एक ठिपका द्यायचा. चित्रावर नाही, काठावर. म्हणजे घाईत हाताला आलं तरी हिरवं दिसलं की कळायचं, हे आपलं, हे द्यायचं नाही. दुकानदाराचं डोकं! दिसायला फार हुशारी. एकशे त्रेचाळीस नाण्यांना एकशे त्रेचाळीस ठिपके.

आणि मग आला तो पारखी. मीच बोलावलं होतं — म्हणजे पेपरात छापून आलं होतं की जुनी नाणी हजारोंनी जातात, आणि मागची वखार विकायला निघाली होती, ती मला हवी होती, म्हटलं बघू तर खरं काय येतं. थोरला नको म्हणत होता. म्हणाला, हे विकायला जमवलं नाही. मी म्हटलं, मग काय पूजेला जमवलंय? आला तो, डोळ्याला भिंग लावून, पांढरे हातमोजे घालून, खिळ्यांच्या दुकानात पांढरे हातमोजे! एक नाणं उचललं, काठ फिरवला, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. पाचवं उचललंच नाही. म्हणाला, हा रंग कुणी लावला? आधीच वापरातली, त्यात रंग, आता ही दोनची आहेत ती दोनला बाजारात चालतील, एवढीच यांची किंमत. आणि विचारतो पुन्हा, सगळ्यांसमोर, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती — कुणाची ही कल्पना? तेव्हा थोरला म्हणाला, माझी.

मग मी सोडतो का? मी म्हटलं, तू माती केलीस. बत्तीस वर्षांची माती केलीस, तुझ्या हातात गल्ला दिला हीच चूक. अजून पुष्कळ म्हटलं, एकदा जिभेचा नळ सुटला की माझ्याकडे त्याला वॉशर नाही. ती गिऱ्हाइकं ऐकत होती. पारखी हातमोजे काढत होता, एकेक बोट, फार सावकाश. आणि थोरला? बोलायचं ना! तोंड नव्हतं? एक शब्द बोलला असता तर मी — त्याने कमरेची किल्ली काढली, काउंटरवर ठेवली, आणि पायरी उतरला. महिन्याभरात समोर दुकान लागलं. डबा माझ्याकडेच ठेवला, एक नाणं नेलं नाही. म्हणजे काय? म्हणजे वर मलाच ओझं! मला इतका संताप आला, बाई, की मी तो डबा काउंटरवर उपडा केला आणि आठवडाभर सगळ्यांना सुटे म्हणून तीच नाणी दिली. खिळे घ्या, हे घ्या धरण. रंग घ्या, हा घ्या पूल. एकशे त्रेचाळीस. सगळी. शेवटचं देताना हात थांबला नाही माझा. — थांबला थोडा. पण दिलं.

मग आता डब्यात काय आहे? दाखवतो. बघा. एकशे अठरा! परत आली! मी डोळा ठेवलाय, आठ वर्षं, या काउंटरवर पडणारं प्रत्येक नाणं मी आधी काठाने बघतो, मग पैसे म्हणून बघतो. काठावर हिरवं दिसलं की खिशातलं साधं गल्ल्यात आणि हे डब्यात. लोक म्हणतात नशीब. नशीब-बिशीब काही नाही, नजर लागते, नजर. एकदा जगात सोडलेलं नाणं परत मिळवणारा माणूस दाखवा मला दुसरा. आणि लिहून ठेवलंय, तुम्हाला खोटं वाटेल म्हणून नाही, आमची पद्धतच ती. ही वही. वाचतो. रंगारी, दोन इंची ब्रश घेतला, धरणाचं नाणं दिलं. नवीन बिऱ्हाडाची बाई, दाराची कडी, शर्यतीचं नाणं. शिंपी, कुलूप. पाणीवाला, नळीचं क्लॅम्प. सुतार, एक नंबरचा पॉलिश पेपर. फिटर, वॉशर. पुन्हा रंगारी, पुन्हा ब्रश —

काय म्हणालात?

नाही, काय म्हणालात आत्ता? — 'एवढंसंच घेतलंय सगळ्यांनी.' हो, एवढंसंच. किरकोळ. दहा-वीसचं. मग? सुट्यांत व्यवहार होणार तो किरकोळच ना, यात काय —

थांबा. दोन इंची ब्रश. दोन इंची ब्रश समोर नाही? बाई, समोर ब्रशचं आख्खं कपाट आहे, इथून दिसतंय, काचेतून, ते काय. गेल्या महिन्यात नवीन माल उतरताना मी बघितलाय. कड्या तर दाराबाहेर टांगलेल्या असतात. आणि वॉशर! वॉशर म्हणजे ज्याच्याशिवाय आमच्या धंद्यात कुणी शटर उघडत नाही, ते नाही कसं असेल? तुम्हाला काय म्हणाला तो? नीट सांगा. शब्द न् शब्द सांगा, मुलांना विचारता तसं विचारतोय. — 'नाही, समोर मिळेल.' आणि सुटे तुम्ही मागितलेत त्याच्याकडे? — नाही? तुम्ही काहीच म्हणाला नाहीत? तुम्ही त्याच्याकडे चिकटपट्टी घेतली, त्याने उरलेले पैसे दिले, त्यात हे नाणं दिलं, आणि म्हणाला — 'समोरचा सुट्यासाठी वसकन अंगावर येतो, त्याला हेच द्या.' — हेच? हेच म्हणाला? वसकन?

इकडे आणा ते नाणं. आणा म्हणतो! घेत नाही मी तुमचं, काठ बघायचाय मला. चष्मा कुठे गेला... कपाळावर, माहीत आहे, माहीत आहे. फिरवा. अजून फिरवा. तिथे. पुसलंत ना रुमालाने, म्हणून अर्धा गेलाय, पण अर्धा आहे. हिरवा.

हे पहिलं आहे. त्या म्हाताऱ्याचं. हे बघा ना, दीपस्तंभाच्या खाली चरा पडलाय, तो माझाच, खिळ्याचं टोक सटकलं होतं ठिपका देताना, पहिलाच ठिपका होता, हात बसला नव्हता माझा —

हो. माझा. ऐकलंत तेच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू आता? ठिपका मीच लावला. सगळे मीच लावले. तो नको म्हणत होता, म्हणत होता कागदाच्या पाकिटात ठेवू. आणि त्या हातमोजेवाल्याने विचारलं तेव्हा मी गल्ला चाळायला लागलो, सहा माणसं बघत होती, आणि दादा म्हणाला, माझी. आणि मी — मी ते धरलं! बुडणाऱ्याने काठी धरावी तसं धरलं, आणि त्याच काठीने त्याला हाणलं. आठ वर्षांत मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की त्यानेच लावला. वाटतं, बाई. रोज सांगितलं की वाटतं.

आणि हा माणूस! हा आठ वर्षं तिथे बसून, स्वतःचं गिऱ्हाईक मोडून, ब्रश असताना नाही म्हणून, त्याच्या गल्ल्यात आलेलं एकेक नाणं सुट्यांत घालून मला पाठवतोय! मी इकडे नजर, नजर म्हणून मिशीला पीळ देतोय आणि तो तिकडे — याला काय म्हणायचं? हा काय चांगुलपणा झाला? हा छळ आहे! सरळ येऊन दोन थोबाडीत मारायच्या की नाही! थोरला आहे, हक्क आहे त्याचा! पण नाही. पाठवतोय. दोन-दोन रुपयांनी.

पण हे पहिलं आजच का दिलं? हे त्याने ठेवून घेतलं असेल, सगळ्यांत मागे ठेवलं असेल, मग आजच — काय बघितलंत तुम्ही आत? रॅक अर्धे रिकामे? खोकी बांधतोय? चिकटपट्टी तुम्हाला देऊन वर उरलेली स्वतः वापरत होता? — कुठे? लेकीकडे? कायमचा? कधी? शनिवारी?

आज कोणता वार?

उठा, बाई. नाही, खरंच उठा, त्या डब्यावरून उठा. हे घ्या, हे साधं दोनचं, माझ्या खिशातलं, गल्ल्यातलं नाही, बघून घ्या. नाण्याला नाणं. तुमच्या अल्बमला दुसरं काहीतरी मिळेल, तुमचा हात नवीन आहे, उभं आयुष्य पडलंय. हे माझं आहे. वॉशरचे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! पायरी उतरा, शटर ओढायचंय मला. माहीत आहे दुपारचे तीन वाजलेत, माझं दुकान आहे, मी तीनला बंद करीन नाहीतर पहाटे उघडीन. कुठे म्हणजे? समोर. भांडायला. डबा बरोबर नेतोय. हे धरून एकशे एकोणीस आली, चोवीस कमी आहेत, त्याचा जाब नको विचारायला? असा कसा निघून जातो? चोवीस नाणी बाकी असताना?

हात नका लावू, उचलतो मी, डबा माझा आहे. आणि घरी गेल्यावर आधी मुख्य कॉक बंद करा, मग नळ उघडा, नाहीतर घरभर पाणी होईल. जा आता. जा!